स्टीम डेक ओएलईडी: काही महिने वापरल्यानंतर

स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र; तिच्याच 'स्टीम' या ऑनलाइन दुकानातून घेतलेले पीसीचे गेम त्यावर चालतात. तो घ्यावा की नको, एवढंच ज्यांना हवंय त्यांच्यासाठी उत्तर आधी देतो. गोष्ट असलेले, एकट्याने खेळायचे गेम आवडत असतील आणि घरात सलग तीन तास टीव्ही किंवा पीसीसमोर बसायला मिळत नसेल, तर घ्या. रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणं हाच छंद असेल तर पैसे वाया घालवू नका, तो यावर चालत नाही.

माझ्याकडे ५१२ जीबीचं ओएलईडी मॉडेल आहे. एलसीडी पडद्याचा पहिला स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, ओएलईडी पडद्याचा नोव्हेंबर २०२३ मध्ये. पडदा ७ इंचांवरून ७.४ झाला, ६० हर्ट्झचे ९० झाले (म्हणजे चित्र सेकंदाला तितक्या वेळा बदलू शकतं), बॅटरी ४० वॉट-अवरवरून ५० वर गेली आणि वजन थोडं उतरून ६४० ग्रॅमच्या आसपास आलं. आतली ताकद जवळपास तीच आहे. त्यामुळे एलसीडीवर जो गेम अडखळतो तो ओएलईडीवरही अडखळेल; फरक पडतो तो डोळ्यांना आणि बॅटरीला. काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्री दिवा मालवून एखादा अंधाऱ्या गुहेतला गेम लावा, मग कळेल.

वापरून वापरून जी गोष्ट सगळ्यात मोठी वाटली, ती स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात सापडत नाही. वरच्या कडेचं पॉवर बटण एकदा दाबलं की गेम आहे त्या क्षणी थांबतो. तलवार हवेत असू दे, कुणाचं वाक्य अर्धवट असू दे. पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तोच क्षण समोर. संध्याकाळी कुकर लावून ओट्याशेजारी उभ्याउभ्या मी हेडिस खेळतो. तिसऱ्या शिट्टीला बटण दाबायचं, गॅस बंद करायचा, वाफ जिरेपर्यंत आणखी दोन दालनं साफ करायची. आईचा फोन आला, दारावर कुणी आलं, बटण दाबलं, विषय संपला. परत येऊन सेव्ह कुठे झाला होता ते शोधायचं नाही, लोडिंगची वाट बघायची नाही. नोकरी आणि घर यांच्यात ज्यांचं गेम खेळणं सुटलं अशी माझ्या वयाची कितीतरी माणसं मला माहीत आहेत. त्यांची आवड शाबूत आहे, सलग वेळ तेवढा राहिलेला नाही. विचर ३ चार वर्षं अर्धवट पडून होता माझा. या यंत्रावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत तो मी शेवटापर्यंत नेला आणि त्याचा आनंद अजून उतरलेला नाही.

बॅटरीबद्दल सगळे सरसकट 'दोन तास टिकते' म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. मुख्य चिप जास्तीत जास्त १५ वॉट घेते. पडदा, पंखा, वायफाय धरून जड गेममध्ये एकूण खर्च २० वॉटच्या वर जातो. बॅटरी ५० वॉट-अवरची, म्हणजे एल्डन रिंग किंवा सायबरपंक २०७७ मोकाट सोडले तर सव्वादोन-अडीच तास. तेच स्टारड्यू व्हॅली किंवा बलाट्रो यांच्यासारखे हलके गेम इतकी कमी वीज घेतात की अख्खी दुपार निघते. उजव्या बाजूला तीन ठिपक्यांचं बटण आहे, ते दाबलं की फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची मर्यादा, वॉटची मर्यादा, सगळं तिथेच हाताशी. जड गेमला ४० फ्रेमची मर्यादा घाला. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर मधलं २५. त्यामुळे ३० पेक्षा फक्त दहाच फ्रेम जास्त असूनही हाताला फरक चांगलाच जाणवतो, आणि बॅटरीही वाचते. नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही एक सेटिंग शिकून घ्यावी.

पुणे-मुंबई रेल्वेने माझं जाणं-येणं असतं. लोणावळा सोडलं की घाटातल्या बोगद्यांत मोबाईलची रेंज येते-जाते, आणि नेटशिवाय न चालणारा प्रत्येक गेम, प्रत्येक मालिका तिथे गटांगळ्या खाते. डेकवर गेम आत उतरवलेला असतो, त्यामुळे बोगदा आला काय नि गेला काय. मात्र निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर प्रत्येक गेम एकदा उघडून बघा आणि मग ऑफलाइन मोड लावा. काही गेम पहिल्यांदा सुरू होताना नेट मागतात.

आतली व्यवस्था विंडोज नाही, लिनक्स आहे. विंडोजसाठी बनलेले गेम त्यावर चालतात ते प्रोटॉनमुळे. व्हॉल्व्हने ते २०१८ मध्ये आणलं. गेम विंडोजच्या भाषेत जे मागतो ते लिनक्सला समजेल अशा भाषेत तिथल्या तिथे बदलून देण्याचं काम ते करतं. माझ्या लायब्ररीतले बहुतेक गेम काहीही खटपट न करता चालले, आणि हे फुकट, खुल्या स्वरूपात सगळ्यांना दिलंय याबद्दल मला मनापासून आदर आहे. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपाशी. फसवणूक रोखणारी जी प्रणाली लागते ती अनेक कंपन्या लिनक्सवर चालू देत नाहीत. फोर्टनाइट नाही, व्हॅलोरंट नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय ही अशीच प्रणाली बसवल्यापासून जीटीए ऑनलाइनही नाही. जीटीए ५ ची कथा मात्र चालते.

कमतरता आहेतच. आडवं पडून वर धरलं तर मनगट भरून येतं. मोठ्या पडद्यासाठी बनलेल्या गेममधली अक्षरं बारीक दिसतात, बाल्डर्स गेट ३ मधली वर्णनं वाचताना मला चष्मा लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी जड गेम लावला की मागून गरम हवा येते आणि पंख्याचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो. यांपैकी कशामुळेही मी तो विकणार नाही.

आता जे मला मुळात लिहायचं होतं ते.

सध्या माझा सगळ्यात जास्त वेळ जातो बलाट्रोमध्ये. पोकरचे हात लावायचे, गुण मिळवायचे, जोकर गोळा करून ते गुण वाढवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा गेम कॅनडातल्या एका माणसाने लोकलथंक या टोपणनावाने बनवला. एकदा विकत घेतला की त्यात खरा पैसा कुठेच नाही, एक रुपयाही लावता येत नाही नि जिंकता येत नाही. तरी पत्ते दिसतात म्हणून युरोपच्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला होता. खऱ्या पैशांनी नशिबाची पाकिटं फोडायला लावणारे फुटबॉलचे गेम त्याच वेळी लहान मुलांसाठी चालत होते. अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बलाट्रोचा शिक्का १२ वर आला.

माझ्या काकांनी हाच गेम माझ्या हातात बघितला. जरा वेळ शेजारी बसले, मग हळूच विचारलं, "यात किती घालवलेस रे आतापर्यंत?" मी म्हटलं, "काका, यात पैसे लावताच येत नाहीत. एकदा विकत घेतला, झालं." त्यांचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? मागची काही वर्षं टीव्हीवर क्रिकेटच्या दर दोन षटकांमध्ये त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ज्यांना आपण डोक्यावर घेऊन नाचलो ते खेळाडू 'टीम बनवा' सांगायचे आणि शेवटी कुणीतरी घाईघाईने 'सवय लागू शकते, आर्थिक जोखीम आहे' म्हणून जायचं. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, पण महिनाअखेरीस कृषी खातं जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत जिथे तिथे एकच चर्चा, आणि त्या चर्चेत रमी, फँटसी क्रिकेट, माझा हेडिस, शेजारच्या पोराचं माइनक्राफ्ट, सगळं एकाच पोत्यात.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि सप्टेंबरात आशिया चषकाला भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय कोरी जर्सी घालून उतरला. घाईत केलेला कायदा, चर्चा पुरेशी झाली नाही, नोकऱ्या गेल्या, लोक परदेशी ॲपकडे वळतील, हे आक्षेप मी वाचलेत आणि त्यांत तथ्य आहे. तरीही मी या कायद्याच्या बाजूने आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका ॲपवर आधी पगार घालवला, मग मोबाईलवर मिळणारं कर्ज काढलं, मग आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. घरात कळलं तेव्हा वसुलीवाले नातेवाइकांना फोन करत होते. त्या माउलीला कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यातला कायदेशीर फरक समजावून सांगायला कुणी आलं नाही.

याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना मान्यता आहे आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे. ती खरी ठरावी असं मला फार वाटतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. पळवून नेलेल्या लहान भावाला शोधणारी एक मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ, राजस्थानी धाटणीचे महाल. डेकवर तो झकास चालतो. मारामारी काही ठिकाणी रटाळ होते आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, पण त्यातल्या भिंतींवरची चित्रं बघत मी नुसता उभा राहिलोय. काकांना तो दाखवला तेव्हा ते पहिल्यांदाच म्हणाले, "हे वेगळं आहे." असे दहा-वीस स्टुडिओ महाराष्ट्रात टिकले तर मराठीत बोलणारा गेमही कधीतरी येईल. आज माझ्या लायब्ररीत तसा एकही नाही.

मात्र विकत घेतलेला गेम तरी आपला असतो का? कायद्याने बघितलं तर नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केल्यानंतर स्टीमच्या कार्टमध्ये आता स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्ही परवाना घेताय. यूबीसॉफ्ट या कंपनीने २०१४ चा 'द क्रू' हा गेम मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हरसकट बंद केला. पूर्ण किंमत मोजलेल्या लोकांचाही गेम कायमचा गेला. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे ग्राहक हक्कांवर बोलणाऱ्यांनी हा प्रश्न हातात घ्यायला हवा. पुस्तकाचं दुकान बंद पडलं म्हणून कुणी घरातलं पुस्तक काढून नेत नाही. तोपर्यंत मी नेटशिवाय चालणारे गेम आधी घेतो.

सिनेमा-मालिकांसाठी घेऊ नका. डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे डेक साध्या संगणकासारखा वापरून, ब्राउझर उघडून बघता येतं, पण त्यासाठी मोबाईल किंवा टॅबलेट सोयीचा आहे.

खरेदीबद्दल. भारतात व्हॉल्व्ह हे यंत्र अधिकृतपणे विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला माल, किंमत दुकानागणिक वेगळी आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच, तीही लेखी घ्या. परदेशात नात्यातलं कुणी असेल तर त्यांच्याकडून मागवणं बरं, पण बिघडलं तर परत पाठवण्याचा व्याप लक्षात ठेवा. दुकानात चालू करूनच घ्या: पांढरा पडदा लावून मेलेले, म्हणजे न उजळणारे ठिपके बघा, दोन्ही स्टिक सेटिंगमध्ये तपासा, सगळी बटणं दाबा, एखादा गेम दहा मिनिटं चालवून पंख्याचा आवाज ऐका. वापरलेला घेत असाल तर डेस्कटॉप मोडमध्ये बॅटरीची तब्येत दिसते, ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ५१२ जीबी पुरतं; कमी पडलं तर मायक्रोएसडी कार्ड टाका, हलके गेम त्यावरून छान चालतात. गेमच्या किमती स्टीमवर रुपयांत आहेत, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये बऱ्याचदा निम्म्याहून खाली येतात, आणि न आवडलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. घरात खेळणारं आणखी कुणी असेल तर स्टीम फॅमिली चालू करा, एका घरातल्या सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येते.