छतावरचं सौर: विकत घ्यावं की युनिटमागे पैसे भरावेत?

वस्तीत सौरऊर्जा आणणारा उद्योजक साधारण दोन पर्याय समोर ठेवतो. पॅनेल विकत घ्या. किंवा नुसतं छत द्या, पॅनेल तो बसवेल आणि तुम्ही युनिटमागे पैसे भराल.

विकत घेतलं तर सगळी बचत आपली. पॅनेलला सहसा 25 वर्षांची हमी मिळते, पण इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा डबा, 10-15 वर्षांत बदलावा लागतो. हा खर्च हिशेबात धरायला बरेच जण विसरतात. धूळ पुसायची जबाबदारीही आपलीच.

दुसऱ्या पर्यायात सुरुवातीला खिशात हात घालावा लागत नाही. शिवाय वीज घटली की उद्योजकाचंच उत्पन्न बुडतं, त्यामुळे देखभालीकडे त्याचं लक्ष राहतं. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच माळेत जोडलेल्या बाकीच्यांची वीजही कमी होऊ शकते. असल्या गोष्टी तो आधीच बघतो. मात्र करार बहुधा 15 ते 25 वर्षांचा असतो. मध्येच छत गळलं तर पॅनेल कोण उतरवणार, कोणाच्या खर्चानं? हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

पैसे हाताशी असतील तर मी विकतच घ्या म्हणेन.