कमिनोचं ‘सगळं आमच्यावर’ पॅकेज : पैसे भरण्याआधी हे वाचा

स्पेनमधल्या कमिनोचं, म्हणजे सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या पदयात्रेचं, ‘व्हिसापासून प्रमाणपत्रापर्यंत सगळं’ असं पॅकेज कुणी विकत असेल तर आधी दरपत्रक लेखी मागून घ्या. मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, हे तिथं प्रत्यक्षात कितीला मिळतं? माझे आणि माझ्या मैत्रिणीचे मिळून एक लाख नव्वद हजार रुपये अशाच एका दरपत्रकापायी गेले.

आम्ही दोघी आळंदीहून वारीला जाणाऱ्या. दिंडीत नाव घातलं, भिशी भरली की जेवण, तंबू, ट्रकमधलं सामान सगळं दिंडीवाले बघतात. आम्हाला पॅकेज विकणाऱ्या एजंटाला हे चांगलं ठाऊक होतं. त्याचं गिऱ्हाईकच वारकरी. व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज ‘राम कृष्ण हरी’, फोनवर ‘बोला माउली’, आणि मग, “मावशी, तुम्ही फक्त चालायचं, बाकी सगळं आमच्यावर.” माणशी एक लाख नव्वद हजार, निम्मे आगाऊ. सारियापासून सांतियागोपर्यंतचा शेवटचा, साधारण ११५ किलोमीटरचा टप्पा.

घाई करायला त्याच्याकडे कारणही तयार होतं. संत याकोबाचा (स्पॅनिशमध्ये सांतियागो) सण २५ जुलैला असतो. तो रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात आणि गर्दी उसळते. असं वर्ष २०२७ला आहे. “त्याआधी उरकून घ्या, नंतर पाय ठेवायला जागा मिळणार नाही आणि दर दुप्पट.” पवित्र वर्षाची गोष्ट खरी आहे, कुठेही तपासा. पुढचं दर दुप्पट होण्याचं त्यालाच माहीत.

आता दरपत्रक. ‘यात्री पासपोर्ट’ चार हजार रुपये. हे म्हणजे क्रेदेन्सियाल, वाटेवरचे शिक्के घ्यायची घडीची पुस्तिका. ती सारियातच मोजक्या युरोंत मिळते. ‘प्रमाणपत्र शुल्क’ साडेसहा हजार. निदान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलवर पूर्ण केले आणि पुस्तिकेत शिक्के असले की सांतियागोच्या यात्री कार्यालयात कॉम्पोस्तेला, म्हणजे यात्रेचं प्रमाणपत्र, फुकट देतात. तिथं स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. मुंबईत किंवा पुण्यात बसलेला एजंट त्यात काय करणार? सामान पुढच्या मुक्कामी पोचवण्याचे बावीस हजार. हे काम खासगी कंपन्या करतात, स्पेनचं टपाल खातंही करतं, आणि दर टप्प्याला थोडेच युरो लागतात.

सगळ्यात कहर ‘बोटाफुमेइरो व्हीआयपी पास’. बोटाफुमेइरो हे तिथल्या कॅथेड्रलमधलं माणसाएवढं धूपपात्र. दोरखंडाला बांधून, आठ जण मिळून ते छताखाली झुलवतात. ठरावीक सणांना ते झुलतं, किंवा एखाद्या गटानं देणगी भरली तर. यात्रेकरूंच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कुणीही जाऊन बसावं, पैसे पडत नाहीत. पंढरपुरात दर्शनाचा पास काढून देतो म्हणणारे कमी भेटलेत का आपल्याला? तोच धंदा, फक्त युरोत.

आगाऊ रक्कम भरल्यावर मुक्कामांची व्हाउचरं आली. मैत्रीण बँकेतून निवृत्त झालेली, कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. वाटेवरच्या पोर्तोमारीनच्या व्हाउचरवर तिची पेन्सिल थांबली. तिथल्या सरकारी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आमच्यासाठी ‘लोअर बर्थ कन्फर्म’ असं छापलं होतं. “अगं, ही काय कोयना एक्सप्रेस आहे?” ती म्हणाली. गॅलिसिया, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे, तिथल्या सरकारच्या आल्बेर्गेंत आगाऊ आरक्षण होतच नाही. चालत पोचायचं, पुस्तिका दाखवायची, जागा असेल तर खाट मिळते. नसेल तर पुढं खासगी आल्बेर्गे, आणि ती मात्र घरबसल्या थेट आरक्षित करता येतात.

मग तिनं पालास दे रेईच्या हॉटेलला स्वतः ईमेल केली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं : तुमच्या नावाचं आरक्षण झालं होतं, पण ज्यानं केलं त्यानंच ते दुसऱ्या दिवशी रद्द केलं.

ही युक्ती नीट समजून घ्या, कारण यात पैशापेक्षा मोठं नुकसान आहे. ‘फुकट रद्द करता येईल’ अशी खोली आरक्षित करायची, कागद छापायचा, व्हिसाच्या फायलीत लावायचा आणि आरक्षण रद्द करायचं. वकिलातीनं हॉटेलला विचारलं की फाइल नापास. शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा, नाकारल्याच्या छापील पत्रात, तुम्ही दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, असा रकाना असतो. त्यावर खूण पडली की ती नोंद शेंगेन देशांच्या सामायिक प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते. अर्जाखाली सही आपली असते, एजंटाची नाही. आम्ही त्या फायलीनिशी अर्ज भरला नाही एवढंच नशीब. ‘अपॉइंटमेंट मिळवून देण्याचे’ माणशी पंधरा हजारही त्यानं याच रकमेत धरले होते. व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. नुसती वेळ मिळवायला असले हजारो लागत नाहीत.

पैसे परत मागितल्यावर माउली गायब झाली. आधी “फाइल मागे घेतली तर आगाऊ रक्कम जप्त”, मग “हिशेब करून सांगतो”, मग नंबर ब्लॉक.

पावतीवर टीसीएसची वेगळी ओळ होती. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला हा कर आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरावा लागतो आणि तो आपल्या पॅनवर, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक कर-उताऱ्यात दिसतो. आमच्या उताऱ्यात काहीच नव्हतं. तिमाही विवरण भरल्यावर तो दिसतो, म्हणून थोडं थांबूनही पाहिलं. नाहीच. पैसे गेले होते ते कंपनीच्या नाही, एका बचत खात्यात. टूरवाला खरा की खोटा हे जोखायला यापेक्षा सोपी गोष्ट मला तरी सापडली नाही : पॅन मागा, करंट खातं आहे का बघा, टीसीएसचं प्रमाणपत्र मागा. खरा माणूस चिडत नाही.

चौकीत पहिल्यांदा ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकावं लागलं. हॉटेलची ईमेल, व्हाउचर आणि बँकेचा उतारा शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र साहेबांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार लिहून घेतली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवता येते. आमच्या वेळी खात्यात नाममात्र शिल्लक होती. ग्राहक आयोगाकडची तक्रार वेगळी चालू आहे.

तपास अधिकाऱ्याचं म्हणणं, एकाच खात्यात पैसे भरलेले आणखी लोक पुढं आले तर प्रकरणाला वजन येईल. तेव्हा तुमच्याही व्हाउचरवर सरकारी आल्बेर्गेतली खाट ‘कन्फर्म’ असेल, तर आज हॉटेलांना ईमेल करा, उत्तरं छापून घ्या आणि बँकेच्या उताऱ्यासह जवळचं पोलीस ठाणं गाठा. व्हिसाच्या फायलीवर सही मात्र करू नका.