मांजराच्या घरात मनी प्लांट की स्पायडर प्लांट?

घरात मांजर आहे आणि हॉलमध्ये एखादी लोंबती कुंडीही हवी आहे, अशांसाठी हे लिहितोय. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये ही दोन्ही झाडं होती. त्यातलं एक आता आहे.

मनी प्लांटचं आधी चांगलं सांगतो. आपल्या उन्हाळ्यात इतकं सोसणारं झाड मी दुसरं पाहिलं नाही. नळाला पाणी रोज येत नाही, आठवडाभर गावाला जावं लागतं, तरी हे बाटलीतल्या पाण्यावर हिरवंगार. स्पायडर प्लांट त्या मानाने नाजूक. एप्रिल-मेमध्ये त्याच्या पानांची टोकं तपकिरी पडतात, बोअरचं पाणी घातलं तर आमच्याकडे जास्तच. नुसतं झाड म्हणून निवडायचं असतं तर मी मनी प्लांटच ठेवला असता.

पण आमच्या भुरीने एका रात्री त्याचं पान चावलं. तोंडातून लाळेच्या तारा, पंजाने सारखं तोंड ओरबाडणं, जवळ घेऊ देईना. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आईला लगेच कळलं: अळू कच्चं राहिलं की घशाला खाज सुटते ना, तेच हे. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते तोंडात रुततात. आपण अळूला चिंच लावून शिजवतो, मांजर कच्चंच चावतं. लाळ, उलटी, गिळायला त्रास असं होतं. जिवावर सहसा बेतत नाही. भुरी दुसऱ्या दिवशी जेवली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडं वीस वर्षं आहे ओ, काय होत नाही. उंच ठेवा की." ठेवला, कपाटावर. आणि तिथूनच माझा खरा वैताग सुरू झाला. वेल खाली येणारच, तो त्याचा स्वभाव. दर रविवारी स्टुलावर चढून शेंडे छाटायचे. वाळलेलं पान सोफ्यामागे पडलं का ते शोधायचं. लग्नाला गेलो तरी डोक्यात एकच, भुरी कपाटावर चढली असेल का? लाळेच्या त्या एका रात्रीपेक्षा हा रोजचा पहारा मला जास्त जड गेला.

स्पायडर प्लांट भुरी उलट जास्त खाते. गवतासारखी लांब पानं हलताना दिसली की तिला राहवत नाही. ते विषारी नाही, पण फार खाल्लं की उलटी होते. एकदा नव्या सोलापुरी चादरीवरच पानांचा गोळा निघाला. चादर धुतली, विषय संपला. कुणाला कुरतडलेलं झाड बघवत नसेल तर मात्र हा त्रास आहेच.

तुमचं मांजर म्हातारं असेल, झाडांकडे ढुंकूनही बघत नसेल, तर मनी प्लांट चालून जाईलही. स्नेक प्लांट आणि कोरफड मी विचारात घेतली नाहीत, दोन्हींनी उलट्या होतात. लिलीबद्दल मात्र तडजोड नको: अंगावर पडलेले पराग मांजराने चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते, म्हणून ती पुष्पगुच्छातूनही घरात येऊ देऊ नका. नर्सरीत पाम मागताना अरेका घ्या. सागो पाम नावाने पाम असला तरी तो यकृतावर जातो. आणि झाडाइतकंच ताटाकडे लक्ष ठेवा. आपल्या शेंगा चटणीत लसूण असतो, आणि लसूण-कांद्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

स्पायडर प्लांटला पिल्लं सुटतात. त्यातली दोन मी छोट्या कुंडीत लावून खिडकीखाली भुरीसाठीच ठेवली आहेत. वरच्या कुंडीचा नाद तिने पूर्ण सोडलेला नाही, पण मी आता तिथे बघत बसत नाही.