कॉइलची कड पाहणारी अल्ट्रासॉनिक यंत्रणा : घ्यायचीच तर दोन सेन्सरची

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात 1250 मिलिमीटर रुंदीच्या गॅल्व्हनाइज्ड कॉइलमधून, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या गुंडाळीतून, विजेच्या पॅनेलसाठी पत्रे कापले जातात. कॉइल उलगडणाऱ्या डिकॉइलरवरून सुटलेली पट्टी तिला सपाट करणाऱ्या स्ट्रेटनरमधून, पत्रा कापणाऱ्या शिअरकडे जाताना सरळ चालली आहे की नाही, हे सांगणारी यंत्रणा आम्ही गेल्या हिवाळ्यात बसवली. नागपूरचा उन्हाळाही तिने पाहिला असल्यामुळे आता तिच्याविषयी लिहायला हरकत नाही.

पट्टी शिअरखाली मीटरमागे 2 मिलिमीटर तिरपी शिरली, तर 1250 च्या रुंदीत गुण्या (कोपऱ्याचा काटकोन) अडीच मिलिमीटरने चुकतो आणि 2500 मिलिमीटर लांब पत्र्याच्या दोन कर्णांत सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. असा पत्रा बेंडिंगला गेल्यावर दार चौकटीत बसत नाही, आणि ते कळेपर्यंत पुढची थप्पी कापून झालेली असते.

सेन्सरच्या खाचेतून पट्टीची कड जाते. एका बाजूने सोडलेल्या ध्वनिलहरींपैकी किती पलीकडे पोचतात, त्यावरून कडेची जागा ठरते. पत्र्यावरचे तेल किंवा शेडमधली धूळ यांचा यंत्रणेला फारसा त्रास झाला नाही. विक्रेता मात्र मूळ संचात एकच सेन्सर देतो, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. पट्टी समांतर राहून नुसती बाजूला सरकली, तर गुण्या बिघडत नाही, तरी भोंगा वाजतो. उलट पट्टीला बाजूंनी वाट देणारे साइड गाइडच तिरपे लागले असतील, तर पट्टी त्या तिरप्या वाटेने बिनबोभाट जात राहते, सेन्सरपाशी कड जागची हलत नाही आणि स्क्रीनवर सर्व ठीक दिसते. त्याच कडेवर काही अंतरावर दुसरा सेन्सर लावल्यावर चित्र स्पष्ट झाले : दोन्ही आकडे सारखे बदलले तर सरकणे, त्यांच्यात फरक पडला तर तिरपेपणा. दुसऱ्या सेन्सरचे पैसे वेगळे मोजावे लागले, पण खरेदी सार्थ ठरली ती त्याच्यामुळेच.

हवा 25 अंशांवरून 45 अंशांवर गेली की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 346 मीटरवरून 358 मीटरपर्यंत वाढतो. तापमानाची ही भरपाई यंत्रणा स्वतः करते आणि मे महिन्यातही ती नीट केली. कूलरच्या झोताचे तसे नाही. ऑपरेटरसाठी ठेवलेल्या कूलरचा वारा थेट खाचेवर येताच आकडे नाचू लागले. कूलरचे तोंड फिरवून सेन्सरला पत्र्याचा आडोसा केल्यावर ते थांबले. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख असायला हवा होता.

ही यंत्रणा दोष दाखवते, दुरुस्त करत नाही. गाइड ऑपरेटरलाच लावावे लागतात. शिअरच्या दणक्यात तिचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून भोंगा चालू करणाऱ्या रिलेवरच (विजेने चालणाऱ्या स्विचवर) लाल दिवा जोडून घ्यावा. विक्रेत्याचा अभियंता बसवणीच्या वेळी तत्पर होता, नंतरच्या तक्रारींना मात्र फोनवरच उत्तरे मिळाली.