एकट्याने समुद्रात जायचंय, तर उघडी कयाक घ्यावी की बंद?

गंगापूर धरणात हात बसला की नाशिककराच्या डोक्यात पुढचं नाव कोकणाचंच येतं. हरिहरेश्वर, जयगड, पूर्णगड. खडकाला धरून, एकट्याने. मग होडी कुठली, हा प्रश्न. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, तिचे इथे दोनच प्रकार शेजारी-शेजारी ठेवतो आहे. एक सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायची उघडी कयाक. दुसरी बंद डेकची, म्हणजे वरून झाकलेली सी कयाक, जिच्या पोटात पाय घालून बसायचं आणि आत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणबंद कापडी झाकण, ताणून लावायचं. हवा भरायची कयाक तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही मावते हे खरं, पण वारा नेईल तिकडे ती जाते. धरणाच्या काठाने फिरायला ठीक, उघड्या किनाऱ्यावर नको. तिचा विषय इथेच संपला.

वेग, आराम, सामान किती मावतं, हे नंतर. एकटा जाणाऱ्याने आधी एवढंच विचारावं: ज्या पाण्याने उलटवलं, त्याच पाण्यात कोणी हात न देता परत बसता येईल का?

ते पाणी धरणासारखं नसतं. लाटेची नुसती उंची बघून चालत नाही, दोन लाटांमधले सेकंद बघावे लागतात. दुपारी वारा सुटल्यावर धरणात उठतात त्या लाटा जेमतेम दोन-तीन सेकंदांच्या. समुद्रात मात्र हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा इथला वारा पडलेला असतानाही येऊन थडकतात, बारा-चौदा सेकंदांच्या अंतराने. एक मीटर उंचीची १४ सेकंदांची लाट तेवढ्याच उंचीच्या ५ सेकंदांच्या लाटेपेक्षा जवळजवळ तिप्पट जोर घेऊन येते. खोल पाण्यात हे कळतही नाही. होडी संथपणे वर जाते, खाली येते. पाणी उथळ झालं की तीच लाट उभी राहते आणि खोली तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली की फुटते. कड्यापाशी पाणी खोल असेल तर न फुटता कड्यावर आदळून माघारी फिरते, मागून येणारीला भिडते, आणि मधलं पाणी जागच्या जागी उसळत राहतं. उसळी कुठल्या बाजूने येईल याचा काही नेम नसतो.

अशा पाण्यात उघडी कयाक आधी फसवते. ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंदी, सपाट तळ. धरणात वाटतं, ही उलटणारच नाही. पण रुंद तळ पाण्याच्या उताराला धरून राहतो. पाणी तिरकं झालं की होडी तिरकी, आणि वर बसलेला माणूस बाजूला पाण्यात. बंद कयाक ५५ ते ६० सेंटिमीटरची, पहिल्यांदा बसणाऱ्याला डगमगती वाटणारी. तिथे गुडघे डेकखाली टेकलेले असतात, त्यामुळे पाणी तिरकं झालं तरी कमरेतून होडी सरळ ठेवता येते. लांबी पाच मीटरच्या आसपास असल्याने ती सरळ चालते, वाऱ्याशी झगडताना दमवत नाही.

म्हणजे बंद कयाक चांगली? उलटेपर्यंत, हो.

उलटल्यावर चित्र बदलतं. उघडी होडी पालथी पडली तर पोटाखालून हात घालून पलीकडची कड ओढायची, सरळ करायची, पाय मारत छाती टेकवून वर चढायचं, वळून बसायचं. पाणी तळातल्या भोकांतून आपसूक निघून जातं. बंद कयाकमधून बाहेर पडलात तर बसायच्या खळग्यात शंभर लिटरच्या वर पाणी भरतं. वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी लावून, वल्हं आडवं टाकून, त्याच्या आधाराने चढता येतं. पण नंतर पंपाने पाणी उपसायला दोन्ही हात लागतात, आणि तेवढ्यात पुढची लाट पुन्हा भरून जाते. म्हणून बंद कयाकचा खरा इलाज एकच, बाहेर न पडता रोल मारून वर येणं. रोल जलतरण तलावात शिकता येतो, महिन्याभरात जमल्यासारखाही वाटतो. जमल्यासारखा वाटणं आणि नाकातोंडात खारं पाणी गेलेलं असताना नको त्या बाजूने जमणं, यात फार अंतर आहे.

उघड्या होडीचा एक दोष दुकानात कोणी सांगत नाही. बंद कयाकच्या पोटात आडव्या भिंती असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगवतात. उघडीचं पोट बहुधा एकसलग पोकळ. झाकणाचं रबर सैल झालं किंवा खडकावर घासून चीर पडली की पाणी गुपचूप भरत जातं. होडी जड वाटू लागते, आपण समजतो हात दमले. किनाऱ्याला लागल्यावर मागचं बूच फिरवून टोक खाली करायची सवय ठेवा. चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर त्या दिवशी परत पाण्यात जाऊ नका.

परदेशी व्हिडिओ बघून बंद कयाककडे ओढले जाणारे पुष्कळ. तिथलं पाणी गोठवणारं असतं, अंग झाकणं ही तिथली गरज आहे. अरबी समुद्र आपल्याकडे कोमट. इथे थंडी नाही, ऊन घात करतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये स्कर्टखाली कंबरेपासून पाय शिजतात. त्या व्हिडिओंतलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही इथे परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, ते मागवू नका. तटरक्षक दलाचा १५५४ मोबाइलमध्ये असू द्या आणि मोबाइल पाणबंद पिशवीत, अंगावर बांधलेला. होडीला बांधलेला मोबाइल होडीबरोबरच जातो.

नाशिकहून जवळ पडतो तो त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीचा किनारा. सरावाला बरा, पण ओहोटीला पाणी इतकं आत जातं की होडी चिखलातून ओढावी लागते, त्यामुळे भरतीची वेळ बघूनच निघा. खडकाळ किनारा खाली, श्रीवर्धनच्या दक्षिणेला. तिथे खाडीची मुखं सांभाळायची. जयगडला शास्त्री नदीचं पाणी ओहोटीबरोबर बाहेर पडतं आणि समोरून लाट येते, तेव्हा मुखाशी लाटा उभ्या राहतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फारच. पहाटेचा मतलई वारा दुसरी खोड काढतो: किनाऱ्याच्या आडोशाला काही जाणवत नाही, पुढे गेल्यावर तोच तुम्हाला बाहेर ढकलतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते. त्यात उंचीबरोबर सेकंदांचा आकडाही बघा, आणि मग बंदरावर कोळ्यांना विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मदतीला होडी आसपास मिळणं कठीण, तेव्हा कयाक पार्किंगमध्येच बरी.

माझा कौल असा. रोल पक्का नसेल आणि शिकवणारा कोणी नसेल तर उघडीच घ्या, पण चार मीटरच्या पुढची, अरुंद, मांडीला पट्टे असलेली. ती घेऊन थंडीतल्या शांत सकाळी, खडकापासून चांगलं अंतर ठेवून जा. मोठ्या लाटेत कड्यालगत एकट्याने जायचंच असेल तर बंद कयाकला पर्याय नाही, पण दोन्ही बाजूंनी रोल बसल्यावर आणि आधी बरेच दिवस सोबतीने गेल्यावरच. डोक्याला हेल्मेट हवंच.

पैसे मोजण्याआधी दोन्ही होड्या कोणाकडून तरी मागून किंवा भाड्याने घेऊन, परवानगी असलेल्या ठिकाणी धरणात न्या. दुपारचा वारा सुटू द्या, तासभर वल्हवा. हात भरून आल्यावर काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटवा आणि परत चढा. मग लगेच दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी जिच्यावर चढता आलं नाही, ती अजून तुमची होडी नाही.