थंड पाण्यातला अकोया घ्यावा की उबदार पाण्यातला साउथ सी?

मोत्यांचा सर घ्यायचा ठरवलं की सराफ बहुधा दोन प्रकार पुढे करतो: जपानचा अकोया आणि ऑस्ट्रेलियाचा साउथ सी. भावाची घासाघीस नंतर करा, आधी मोती कुठल्या पाण्यात वाढला ते बघा.

अकोयाची कालवं मिए प्रांतातल्या आगो उपसागरात किंवा एहिमेतल्या उवाजिमाच्या किनाऱ्याला तराफ्यांखाली टांगलेली असतात. कालवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. समुद्र गार पडला की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, कल्ल्यांवरचे बारीक केस सावकाश हलतात, पाणी गाळून शेवाळ खाणं कमी होतं. पाणी साधारण १३ अंशांखाली गेलं की शिंपल्याची वाढ जवळपास थांबते. ८ अंशांखाली बरेच दिवस राहिलं तर कालव दगावतं. म्हणून काही मोतीपालक थंडीत पिंजरे उबदार खाडीत नेतात.

पण हाच गारठा मोत्याला पाणी चढवतो. मोतीपालकाने आत घातलेल्या मण्यावर उन्हाळ्यात कालव भराभर जाड थर देतं; थंडीत अरॅगोनाइटचे, म्हणजे मोत्याचा थर ज्याचा बनतो त्या चुनखडीसारख्या खनिजाचे, पापुद्रे पातळ आणि एकसारखे बसतात. त्यामुळे काढणी डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला होते. अशा मोत्यात दुकानातल्या ट्यूबलाइटची कड रेघ मारल्यासारखी दिसते. मला हे तेज इतर कुठल्याच मोत्यात सापडलेलं नाही.

साउथ सीचं कालव आकाराने कितीतरी मोठं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या किनाऱ्याजवळच्या उष्ण समुद्रात ते जवळपास वर्षभर खातं आणि थर चढवत राहतं. मोती ९ मिलिमीटरपासून १५ च्या पुढे जातो, थर अनेकदा २ मिलिमीटरहून जाड असतो. अकोयात तो बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. साउथ सीची झळाळी मऊ, सायीसारखी. तिथलीही काढणी थंड महिन्यांत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये होते.

लग्नाकार्यात पैठणीवर घालायचा सर किंवा नाजूक कुड्या हव्या असतील तर डोळे झाकून अकोया. रोजच्या अंगठीत मात्र नको. घाम आणि अत्तर पातळ थराला खातात. तिथे साउथ सी टिकतो, पण पैसे बरेच जास्त मोजावे लागतात. तेवढे नसतील तर रोजच्यासाठी गोड्या पाण्याचा मोती चांगला. त्यात बहुधा आतला मणी नसतो, सगळा थरच असतो.

अकोया घेताना नुसत्या चमकेवर जाऊ नका. थंडीने तेज येतं, जाडी येत नाही. ती आधीच्या उन्हाळ्यात जमलेली असावी लागते. सराफाकडून भिंग मागून घ्या आणि भोकाच्या कडेला बघा: आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ अगदी पृष्ठभागाला टेकलेली असेल, तर तो सर परत ठेवा.