व्हेंचुरी मास्क: सीओपीडीवाल्यांसाठी पिशवीच्या मास्कपेक्षा भरवशाचा

धाप लागलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की हात आपसूक पिशवीवाल्या मास्ककडे जातो आणि फ्लोमीटर थेट मिनिटाला १५ लिटरवर. जुन्या सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराच्या) रुग्णाला हेच महागात पडतं. ऑक्सिमीटरवर ९९ दिसलं की सगळे निश्चिंत होतात, पण त्या यंत्राला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. जादा ऑक्सिजनने फुफ्फुसाच्या खराब भागातल्या आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, आणि जिथे हवाच पोचत नाही तिथे रक्त वळतं. शिवाय हिमोग्लोबिन धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. तासाभरात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगतो, हात फडफडू लागतात, आणि घरचे म्हणतात, 'आता जरा शांत झोप लागली.'

टास्मानियातल्या अँब्युलन्समध्ये ४०५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, ऑक्सिमीटरचा आकडा (सॅच्युरेशन) ८८ ते ९२ टक्क्यांत बेताने ठेवलेल्यांत ४ टक्के. तिथे बेताने देताना नाकातल्या नळ्या वापरल्या होत्या, व्हेंचुरी मास्क नव्हे. म्हणजे श्रेय त्या लक्ष्याचं. मास्क ते गाठणं सोपं करतो, एवढंच.

ब्रिटिश डॉक्टर कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडलेली या मास्कची रचना साधी आहे: बारीक छिद्रातून सुटलेला ऑक्सिजन बाजूच्या खिडक्यांतून खोलीतली हवा ठरावीक प्रमाणात ओढतो. निळी तोटी २ लिटरवर २४ टक्के ऑक्सिजन देते, पांढरी ४ लिटरवर २८. पुढे नारिंगी ३१, पिवळी ३५, लाल ४०. रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तोटीवरचा आकडा वाचा. रुग्ण कसाही श्वास घेवो, टक्केवारी फारशी हलत नाही, हा याचा खरा गुण. १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर निळ्या तोटीवर बारा तास पुरतो, पिशवीच्या मास्कवर जेमतेम शंभर मिनिटं.

आता खोड्या. चादर अंगावर ओढली की खिडक्या झाकल्या जातात आणि टक्केवारी चढते. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लिहिलेल्यापेक्षा फ्लो वाढवावा लागतो, टक्केवारी त्याने बदलत नाही. जेवताना काढावा लागतो, तेवढ्यापुरत्या नाकातल्या नळ्या १-२ लिटरवर. सगळ्यात फसवा नेब्युलायझर (औषधाचा फवारा देणारं यंत्र): तो ऑक्सिजनवर ६-८ लिटरने चालवला की मास्कची सगळी काटकसर पाण्यात. हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवा, नसेलच तर सहा मिनिटांत थांबवा.

सुरुवात २४ किंवा २८ ने करा, अर्ध्या-एक तासात एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी). सॅच्युरेशन ८८ च्या खाली राहिलं तर पुढची तोटी लावायला कचरू नका. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर बायपॅपची (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची) तयारी. चुकून जास्त दिला गेला असेल तर मास्क एकदम काढू नका, सॅच्युरेशन धाडकन कोसळतं. टप्प्याटप्प्याने खाली या.

तोट्या सुट्या असल्याने हरवतात, आणि हरवते ती नेमकी निळी. संच घेताना २४ आणि २८ च्या जादा तोट्या मागून घ्या.